उभ्याने जेवणाऱ्याचं कार्ड

दोन वर्षं मी उभ्याने जेवलो. ब्रिस्टलच्या आमच्या घरात स्वयंपाकघराचा ओटा खिडकीला लागून आहे. त्यावर ताट ठेवायचं, डावा पाय जरा वाकवून उजव्यावर भार टाकायचा आणि मागच्या बागेतल्या शेडकडे बघत वरण-भात संपवायचा. मणक्यातली गादी सरकली होती. सर्जनने ऑपरेशन केलं, चांगलं केलं, पण तोवर चेपलेली नस काही पूर्वपदावर आली नाही. चालताना बरं, उभं असताना सोसण्यासारखं, कुशीवर पडलं की ठीक. पण पाच मिनिटं खुर्चीत बसलो की कमरेपासून टाचेपर्यंत कोणीतरी तापलेली तार ओढतंय असं व्हायचं. ऑफिसात मी विमानांच्या पंखांची गणितं करतो. तिथे मला वरखाली होणारं टेबल मिळालं आणि प्रश्न सुटला. जेवणाचं टेबल काही वरखाली होत नव्हतं.

बायकोही माझ्या शेजारी ओट्यावर ताट ठेवायची. एकट्याने काय जेवायचं, म्हणायची. मग आमच्या चारही खुर्च्यांवर हळूहळू इस्त्रीचे कपडे, पार्सलचे खोके आणि न उघडलेलं टपाल जमत गेलं. माझ्या आईने मला लहानपणी उभ्याने खाताना पकडलं की घोड्याची उपमा मिळायची. आता घोडाच झालो होतो, आणि आई फोनवर "जेवलास का रे?" विचारायची तेव्हा मी नुसतं "हो" म्हणायचो.

एका शनिवारी भाजी चिरता चिरता बायको म्हणाली, "अरे, आमच्या स्कूल ऑफिसमधल्या एकीला नर्व्ह पेन आहे. तिला मेडिकल कॅनबिस प्रिस्क्राइब झालंय. लीगल आहे. तिच्याकडे पेशंट कार्ड पण आहे."

"म्हणजे गांजा," मी म्हणालो.

"म्हणजे औषध."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी, मराठी मंडळाच्या गणपतीत पंधरा वर्षं आरतीचं ताट धरणारा माणूस, आता खिशात गांजाचं कार्ड घेऊन फिरू? उद्या मंडळातल्या कुणी बघितलं तर? तिने शांतपणे उरलेली भाजी चिरली. माझा राग साधारण एका चहाएवढा टिकतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला, अर्थात ओट्यावर.

प्रकार सरळ होता. आपला जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, हे औषध देऊ शकत नाही. त्यासाठी खासगी क्लिनिकमधला स्पेशालिस्ट लागतो. आपणच ऑनलाइन फॉर्म भरायचा, जीपीकडचं आपलं मेडिकल रेकॉर्ड जोडायचं. निदान दोन उपचार करून पाहिले आणि गुण आला नाही, असं त्यात दिसलं पाहिजे. डॉक्टरने औषध लिहून दिलं की मग कार्ड येतं, फोटोसकट. रस्त्यात कुणी हटकलं तर ते दाखवायचं. मी मनाशी म्हटलं, यात काय अवघड आहे? दोन उपचार? मी तर तीन केले होते.

फॉर्म भरला आणि चार दिवसांत क्लिनिकचं उत्तर आलं. रेकॉर्डमध्ये उपचारांचा पुरावा दिसत नाही, सबब अर्ज पुढे नेता येणार नाही.

मी पुन्हा चिडलो. बायकोने मात्र जोडलेलं रेकॉर्ड उघडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. ऑपरेशननंतर पहिली भेट: पेशंट म्हणतो, फाइन. तीन महिन्यांनी फोनवर: बरं चाललंय, काही तक्रार नाही. नंतर फ्लूच्या इंजेक्शनच्या वेळी: पाठ कशी आहे विचारलं, ठीक म्हणाला. औषधं: पॅरासिटामॉल, गरजेनुसार. अशा सहा नोंदी होत्या. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हा कोण माणूस आहे? हा तर एकदम फिट आहे! याला कशाला कार्ड?"

त्यातला शब्द न् शब्द माझाच होता. डॉक्टर केबिनच्या दारात उभा राहून "हाउ आर यू?" विचारतो, आणि मी आयुष्यभर "फाइन, थँक यू" म्हणत आलोय. आमच्या घरात दुखण्याचं कौतुक नव्हतं. वडील तापाने फणफणलेले असले तरी कुणी विचारलं की "बरंय" म्हणायचे, आणि परक्यासमोर तर तोंडातून ब्र काढायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्यांचा आरोग्यविमा होता. मीही मूठ झाकून जीपीकडे जायचो आणि झाकूनच परत यायचो.

आणि ते तीन उपचार? ते सगळे पुण्याचे. माझा मावसभाऊ तिथे हाडांचा डॉक्टर आहे. सुट्टीत गेलो की तोच मला नसांच्या स्पेशालिस्टकडे न्यायचा. एका गोळीने काही झालं नाही, दुसरीने दिवसभर पेंग यायची, तिसरीने तोंड कोरडं पडायचं. पुढच्या गोळ्या पुण्याहून येणाऱ्या कुणा ना कुणाच्या बॅगेतून, भाजणी आणि चिवड्याच्या मधोमध, ब्रिस्टलला पोचायच्या. घरचा डॉक्टर असताना इथे रांगेत कोण ताटकळणार, अशी माझी हुशारी. त्या हुशारीचा एक कागदही इथल्या कॉम्प्युटरला माहीत नव्हता. या देशाच्या लेखी मी दोन वर्षं मजेत होतो.

बायको वर गेली आणि कपाटातून माझी फाइल घेऊन आली. पुण्याच्या कुठल्याही घरात असते तशी, चेनची प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात एमआरआय, तिन्ही गोळ्यांची प्रिस्क्रिप्शन्स, स्पेशालिस्टची पत्रं, सगळं तारखेवार लावलेलं. तिने कधी लावलं होतं मला माहीत नाही. "हे घेऊन जीपीकडे जायचं," ती म्हणाली, "आणि मी बरोबर येणार आहे."

जीपी तरुण बाई होत्या. हसून विचारलं, "हाउ आर यू?"

माझ्या तोंडून "फा" निघालासुद्धा. बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो. मग म्हणालो की मला बसता येत नाही, म्हणून मी हा असा तुमच्यापुढे उभा आहे. तापलेल्या तारेचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, पेंगेचं सांगितलं. दहा मिनिटांची भेट होती, मी सोळा घेतली. त्यांनी पिशवीतला एकेक कागद पाहिला, स्कॅन करायला दिला आणि विचारलं, "हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" प्रश्नात टोमणा नव्हता, खरंच कळत नव्हतं त्यांना. मी म्हणालो, तुम्हाला त्रास नको म्हणून. इंग्रजीत ते फारच मूर्खासारखं ऐकू आलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. ही तर जीपी."

रेकॉर्ड पुन्हा जोडलं, अर्ज पुन्हा केला, आणि पंधरा दिवसांनी क्लिनिकच्या डॉक्टरची व्हिडिओवर भेट ठरली. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून मी उभा राहिलो. आता नाही म्हणाले तर पुढे दार नव्हतं, मावसभावाकडेही नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे विचारलं, मनाच्या आजारांची चौकशी केली, मग म्हणाले, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?

"चार," मी म्हणालो.

"नाइन!" कॅमेऱ्याबाहेरून बायको ओरडली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आकडा बाजूला ठेवला आणि विचारलं, या दुखण्यामुळे तुम्हाला काय करता येत नाही? मी ऑफिस सांगणार होतो, ड्रायव्हिंग सांगणार होतो. पण तोंडातून आलं, "बायकोबरोबर बसून जेवता येत नाही." पन्नाशी उलटलेला माणूस, पुस्तकांच्या थप्पीपुढे उभा राहून रडत होतो. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. इतकं हलकं मला त्या दोन वर्षांत कधी वाटलं नव्हतं, आणि औषध तर अजून यायचं होतं.

औषध म्हणजे तेलाची छोटी बाटली, जिभेखाली मोजून थेंब. त्याला वास रानातल्या ओल्या पाल्यासारखा. कार्ड त्यानंतर आलं. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल, निघालं लायब्ररीच्या कार्डासारखं, त्यावर माझा घाबरलेला फोटो. ऑफिसात कळवलं, मॅनेजर "राइट" म्हणाला आणि पुढच्या मीटिंगला गेला. डॉक्टरांनी सांगितलं तोवर गाडी बायकोनेच चालवली. चमत्कार वगैरे झाला नाही. दुखणं गेलं नाही. पण पाचवा-सहावा आठवडा असेल, माझ्या लक्षात आलं की जोडे घालायला मी पायरीवर बसलोय आणि नाडी बांधून झाल्यावरही उठलेलो नाही.

त्या रविवारी मी एका खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलले, ताट टेबलावर ठेवलं आणि बसलो. वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तार होती, पण कोमट. पुढचा भात वाढून घ्यायला मी वळलो, तर बायको ओट्यापाशी उभी. हातात ताट, भार उजव्या पायावर, नजर शेडकडे.

"अगं, ये ना, बस."

"अरे हो!" ती हसली. "सवयच झाली."

मी तिच्या खुर्चीवरचे खोके खाली ठेवले. ती बसली ती टेबलाची कड धरून, हळूच, आणि बसताना तिने डोळे मिटले. ते बसणं मी ओळखलं. दोन वर्षं मीच तसा बसत आणि उठत होतो.

"तुझे पाय दुखतात?"

"छे. ठीक आहे."

मी घास खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं, जीपीच्या खोलीत तिने माझ्याकडे पाहिलं होतं तसं.

"शून्य ते दहा," मी म्हणालो.

तिने ताटातलं लिंबू भातावर पिळलं. "गुडघे," ती म्हणाली. "सात."

मी उठून तिसऱ्या खुर्चीवरचं टपाल काढलं, खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि तिचे पाय उचलून त्यावर ठेवले. मग पुन्हा येऊन बसलो आणि जेवलो.