तीनच दिवसांच्या गोळ्या

सिल्वासात मी शिकवतो त्या शाळेसमोर एका बाईचं मेडिकल आहे. ती धुळ्याकडची. गिऱ्हाइकाशी गुजराती-हिंदी बोलते, रागावते मात्र मराठीत. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाही. एकदा सर्दीसाठी मीच मागितलं, तर म्हणाली, "सर, सर्दीवर ते चालत नाही. उगाच घेत राहिलात तर जंतू त्याला सरावतील, आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडणार नाही." मी गोळ्या न घेताच परतलो.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या राखोलीतल्या कारखान्यात एका कामगाराचं बोट मशीनमध्ये कापलं. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. त्याने तिच्याकडून तीनच दिवसांच्या नेल्या, बाकीच्या नंतर नेतो म्हणाला आणि चौथ्या दिवशी तो फिरकलाच नाही. दुपारी तिने शटर ओढलं, मला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट कारखान्याचं गेट गाठलं.

"ताई, सूज उतरली ना, म्हणून बंद केल्या," तो म्हणाला.

"सूज उतरली, पण जंतू मेले का? उरतात ते जास्त चिवट असतात, भाऊ. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही. बोट दाखव."

पट्टीखाली पू झाला होता. तिने त्याला स्कूटीवर घेतलं आणि मी रिक्षाने मागोमाग दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी जखम साफ केली, औषध बदललं. वेळेवर आणलंत म्हणून बोट वाचेल, असं म्हणाले. मग तिच्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"मेडिकलवाली," ती म्हणाली. ते ती इतक्या ताठ मानेने म्हणाली की शेजारी उभा असलेला मीही नकळत ताठ झालो.