यांच्या जिभेवरची चामखीळ

ये गं पोरी, अशी जवळ बस. रागावणार आहे मी, पण जवळ घेऊनच. नवऱ्याच्या तोंडात चामखीळ निघाली, रिपोर्टमध्ये एचपीव्ही आलं, अन् तू बॅग भरून सरळ माझ्याकडे, मावशीकडे? काहून? डॉक्टरला एक शब्द तरी विचारला का?

मी पण असाच तमाशा केला होता, म्हणून सांगून राहिली.

तुझ्या काकांच्या जिभेच्या कडेला एक पांढुरकी चामखीळ आली, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी. दुखत नव्हती की खुपत नव्हती. डॉक्टरांनी काढली, तपासायला पाठवली. कॅन्सर नव्हता, पण हाच एचपीव्ही विषाणू निघाला. नवरा-बायकोच्या जवळिकीतून लागतो, तोंडावाटेसुद्धा, म्हणाले. झालं! हे नोकरीपायी तीन वर्षं इटारसीला एकटे राहिले होते. माझ्या डोक्यात तेच शिरलं. यांचं ताट वेगळं, पेला वेगळा, गादी वेगळी. हे विचारत, "अगं, झालं तरी काय?" मी म्हणे, "इटारसीला विचारा!"

घर सोडायचं पक्कं केलं होतं मी. फक्त खात्री करायला आमच्या चेरीताल मोहल्ल्यातून रिक्षा केली अन् डॉक्टरीणबाईंकडे गेली. "बताइए, किससे लगा इनको?"

"माताजी, ये कोई टेस्ट नहीं बता सकता. बरसों चुपचाप पड़ा रहता है शरीर में. आपकी ये पहली शादी है?"

माझं तर हे दुसरं लग्न. पहिला नवरा वारला तेव्हा चोवीस वर्षांची होती मी. म्हणजे माझ्याकडूनही आलं असेल! इतक्या वर्षांत ते लग्न मला आठवलंच नव्हतं, कारण यांनी कधी आठवू दिलं नाही.

मग बाईंनी नीट समजावलं. बहुतेकांचं शरीर हा विषाणू आपणच घालवतं. ताट-पेल्याची एवढी धास्ती नको. यांनी तंबाखू सोडावा, डॉक्टरांकडून तोंड तपासून घेत राहावं. अन् मी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. केली. ठीक निघाली.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अच्छा! मग मी आता कोणत्या गावाला विचारू?" हसलो दोघं. मी रडली पण.

तुझ्या नवऱ्याचं मला माहीत नाही. पण तो कागद त्याचा गुन्हा सांगत नाही, एवढं नक्की. दोघं मिळून डॉक्टरकडे जा, स्वतःची तपासणी करून घे, मग भांडायचं तर भांड. अन् त्याला घेऊन लवकर ये इकडे, चार दिवस राहायलाच या.