रजेचं कारण

दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. सकाळी द्वारकेच्या घरात चहा उकळायला ठेवला की फोन सुरू होतात. कुणाला ताप, कुणाला जुलाब, कुणाची सासू पडली. एकीची सासू माझ्या रजिस्टरात इतक्यांदा पडली आहे की त्या बाईची हाडं कशाची आहेत, ते एकदा जाऊन बघावंसं वाटतं. माझा विश्वास बसत नाही, पण मी लिहून घेते. एकेकीला दोघींचं काम करावं लागतं, मग कधीतरी दांडी मारणारच. त्यांनी कारण सांगायचं आणि मी लिहायचं, ही आमची वर्षानुवर्षांची रीत.

ती रीत त्या मुलीला कुणी सांगितलीच नव्हती. साताऱ्याकडची, कंत्राटावर लागलेली, नवरा फौजेत, राहायला कॅन्टोन्मेंटमध्ये. वॉर्डात आम्ही दोघीच मराठी. बाकी सगळ्यांची मी दीदी, तिची तेवढी ताई. वर्षभरात तिचा एकही खाडा नव्हता.

एका सकाळी तिचा फोन आला. "ताई, आज मी येत नाही."

"काय होतंय गं?"

"अंग बरं आहे. पण पाय उचलत नाहीये. काल त्या पेशंटच्या मुलाने सगळ्यांसमोर आईवरून शिव्या घातल्या. तुम्ही तिथेच होतात ताई, पण एक शब्द बोलला नाहीत."

त्या दिवशी आधीच दोघी आल्या नव्हत्या. मी भडकले. ती खरं बोलत होती म्हणून जास्तच भडकले.

"मग कारण काय लिहू मी?"

"आहे ते लिहा."

मी लिहिलं : कारणाशिवाय गैरहजर. दुपारपर्यंत माझा राग उतरला, पण तोवर रजिस्टर ऑफिसात गेलं होतं.

पुढच्या महिन्यात कंत्राटं वाढवून मिळायची होती. जुलाबवाल्या, सासूवाल्या, सगळ्यांची वाढली. तिचं तेवढं अडलं. मी ऑफिसात जाऊन भांडभांड भांडले. तिथल्या बाबूने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, लिखा तो आपने ही है. बुखार लिख देतीं."

ओळखपत्र जमा करायला ती आली, तेव्हा मी म्हटलं, "अगं, ताप आलाय म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही मराठीत विचारलंत ना, काय होतंय म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, घरचं माणूस विचारतंय."

नमस्कार करून ती निघून गेली.

गेल्या आठवड्यात एका सकाळी माझेच पाय उचलेनात. कुठे काही दुखत नव्हतं. त्या वॉर्डाचा, त्या फोनांचा, माझा स्वतःचाही वीट आला होता. चहा आटून भांडं करपलं, तरी मी ओट्याशी उभीच. शेवटी माझ्या हाताखालच्या सिस्टरला फोन केला.

"अच्छा दीदी, क्या लिखूँ?" तिने विचारलं.

"बुखार," मी म्हणाले.

"लिख दिया. आप आराम करो."

फोन ठेवला आणि त्या मुलीचा नंबर काढून बराच वेळ बघत बसले. लावायचं धाडस झालं नाही.