सागवानी फळीवरचा चीक

हे मी आजवर कोणापाशीच बोलले नाही. ह्यांच्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही. बासरला सरस्वतीपुढे हात जोडून उभी राहिले, ओठ हललेही असतील, पण आतलं काही बाहेर आलं नाही. आज तुम्हाला सांगते. सांगून हलकं वाटेल म्हणून नाही हं — तशी काही आशा उरलेली नाही.

सुरुवात एका फळीपासून करते. हसाल तुम्ही. हसा.

सागवानाची फळी. आमच्या आदिलाबादेत सागवानाला काय तोटा! सुताराकडून एक उरलेला तुकडा गोल कापून, घासून घेतला, त्याला खोबरेल तेल चोळलं. मोबाइलवर मी ते व्हिडिओ बघायचे — लाकडी फळीवर चार जातींचं चीज, मधोमध मधाची वाटी, बाजूला द्राक्षांचा घोस, बदाम, बिस्किटांची पंख्यासारखी रांग. पाहुणे येतात, उभ्याउभ्याच एकेक तुकडा उचलतात, मंद हसतात. तळण नाही, घाम नाही, ‘घ्या हो अजून, संकोच करू नका’ नाही. मला तसं दिसायचं होतं. का, विचाराल? तामसीकडच्या एका गावात कापूस वेचत वाढलेली मी. शिकले, शाळेत बाई झाले, आणि पन्नाशीला मला चीज मांडायची हौस आली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

ह्यांचे नवे साहेब हैदराबादहून बदलून आले होते, बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला येणार होते. आमची अनू हैदराबादलाच असते, तिनं चीज पाठवलं. बसच्या पार्सलमधून, एप्रिल महिन्यात. खोकं उघडलं तर आत सगळं वितळून एक झालेलं, आणि वास असा की नाकाला पदर लावावा. इथल्या दुकानात मिळतात ते चांदीच्या कागदातले चौकोनी तुकडे, पोरांच्या डब्यातले. ते मांडायचे साहेबांपुढे?

आणि नेमका त्याच सकाळी गावाहून कमलचा फोन. गाय व्याली, कालवड झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे म्हणाली.

कमल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिला मूलबाळ नाही. अनू लहान असताना सुट्टी लागली की तिच्याकडे पळायची, तिच्या कुशीत झोपायची, आईची आठवण म्हणून काढायची नाही. अनूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. त्याची काळजी माझ्याहून कमललाच जास्त. कुठला उपास म्हणून सोडला नव्हता तिनं.

पण गाय व्याली ऐकताच माझ्या डोक्यात काय आलं? चीक. नुकत्याच व्यालेल्या गाईचं ते पिवळं, घट्ट दूध. गूळ घालून वाफवलं की खरवस. पण गुळाच्या जागी मीठ घातलं तर? वरून मिरपूड? पहिल्या दिवसाचा बिनपाण्याचा चीक असा घट्ट बसतो की सुरीनं त्रिकोण कापावेत. पुढच्या दिवसांचा तसा बसत नाही. मला पहिलाच हवा होता.

मागितला. माहेरवाशिणीनं चीक मागितला तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. कमल म्हणाली, “देतो ना अक्का, लोटाभर. बाकीचा त वासराचा हाय.”

लोटाभरानं फळी भरत नाही.

मग मी — नाही, थांबा. आधी हे ऐका. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते की पिलाला रोगाशी झगडायची ताकद आईच्या पहिल्या दुधातून मिळते, ते जन्मल्या जन्मल्या पोटात गेलंच पाहिजे. पोरांकडून घोकून घेते. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

मी म्हणाले, “कमल, कोणाला सांगू नको. आपल्या अनूला दिवस गेलेत. माझ्याकडे यायची आहे ती, आणि तिला नुसते चिकाचे डोहाळे लागलेत. पोटभर खायचा म्हणते. तिला फोन मात्र करू नको, तीन महिने होईस्तोवर बोलायचं नसतं.”

हे सगळं मी एका दमात म्हणाले. जीभ अडखळली नाही. पलीकडे ती रडायलाच लागली. आनंदानं. “दोन जिवाची हाय थे! सगळा धाडतो, अक्का. काऊन नाई धाडणार बाप्पा!”

धाडला. सकाळ-संध्याकाळचा, कडीच्या डब्यात, डब्याला ओलं फडकं गुंडाळून, बसच्या कंडक्टरच्या हाती. मी कुकरची शिट्टी काढून वाफवला. काही त्रिकोण कापले, काही चौकोन, काहींना लाल तिखट लावलं, काही तव्यावर जरा तांबूस केले. काय दिसत होती फळी! फोटो काढून स्टेटसला ठेवला — तेवढा कमलला दिसणार नाही अशी व्यवस्था करून. एवढी अक्कल होती बघा मला.

पाहुणे आले. साहेबांनी द्राक्षं खाल्ली. बाईंनी एक त्रिकोण उचलला, दातांत धरला आणि हसल्या. “इदी जुन्नू कदंडी?” म्हणजे, अहो, हा चीकच ना? तेलुगू माणसाला का खरवस ओळखू येणार नाही? माझी आई गूळ घालून करायची, म्हणाल्या, आणि हातातला तुकडा हळूच बशीच्या कडेला ठेवला. बाकीच्याला कोणी हातही लावला नाही. सकाळपर्यंत आंबलं. मी ते मोरीत टाकलं, वर दोन तांबे पाणी ओतलं.

डबा रिकामा परत करू नये म्हणतात. मी त्यात साखर भरून पाठवली. गोड बातमीची साखर.

कमलनं कालवडीला शेळीचं दूध पाजलं, साखरपाणी पाजलं. आठवडाही काढला नाही तिनं. हगवण लागली, मान टाकली. गाय रात्रंदिवस हंबरायची, पान्हा सोडेना. माझा भाऊ भडक डोक्याचा. सगळा चीक गेला कुठं, म्हणून त्यानं कमलला विचारलं, आणि तिनं सांगितलं नाही. कोणाला सांगू नको, म्हणाले होते ना मी! मग तो जे बोलला ते मला चुलत भावजयीकडून कळलं. वांझोटीला वासराची काय माया, असं बोलला. भर अंगणात. तिनं खाली मान घालून ऐकलं आणि माझी थाप जपली.

मला फोन करून काय म्हणाली असेल? “वासरू गेलं, अक्का. पण अनूले नका सांगू. अशात मनाले लावून घेईन थे.”

तेव्हा तरी मी बोलायचं होतं की नाही?

पुढे तिला डोहाळेजेवणाची घाई झाली. हिरवं लुगडं घेऊन ठेवलं, हैदराबादला कोणती बस जाते विचारायला लागली. मी घाबरले. अनूला काय वाटेल याची नाही, उघडं पडायची भीती वाटली. म्हणून एके दुपारी, फोडणी देता देता, फोन कानाला धरून मी सांगून टाकलं, “पडलं गं कमल. राहिलं नाही. अनूपाशी विषय काढू नको, तिला सहन होत नाही.” नसलेलं नातवंड मी तोंडानं मारलं आणि वर डाळीत मीठ घातलं.

कमल एवढंच म्हणाली, “माह्यामुळं.”

वासराच्या तोंडचं काढलं, गाईचा तळतळाट लागला, हे तिनं धरलं ते धरलंच. तेव्हापासून तिनं दूध सोडलं, दही सोडलं. चहा कोरा पिते. लोक विचारतात तर पित्त होतं म्हणते.

आणि अनू? दवाखाने झाले, सुया झाल्या. वास्तू तथास्तु म्हणत असते, असं माझी आई सांगायची. मी विज्ञानाची बाई, माझा विश्वास नाही. पण त्या स्वयंपाकघरात मी आता मोठ्यानं बोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी अनूला सांगितलं, आता थांबा. मी भावाला कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी कमल पहिल्या बसनं आली. पाणीसुद्धा न घेता तिनं माझे पाय धरले. “अक्का, माफी द्या. माह्या हातचं पाप पोरीले भोवून राह्यलं.”

घरात कोणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं मला. तिचे केस किती पांढरे झालेत, एवढंच बघत राहिले. ती खरं ऐकून उठेल, पिशवी उचलेल, आणि मला पुन्हा कधी अक्का म्हणणार नाही, हे मला लख्ख दिसलं. मी भित्री आहे हो. तेव्हाही होते, आजही आहे.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “ऊठ, कमल. मी तुला केव्हाच माफ केलंय.”

तिला बरं वाटलं.