सोन्याची काच आणि आक्काचे डोळे

आक्काला कारखान्यात कुणी नावानं हाक मारत नाही. वीस वर्षं ती लाल भट्टीपुढे बसते, म्हणून मुकादमापासून गाडीवाल्यापर्यंत सगळ्यांची ती आक्काच.

लाल भट्टी काय असते ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कच्च्या काचेत इवलंसं सोनं घालतात. ती फुंकून दिव्याची टोपी केली की दिसायला निव्वळ पाणी. सोनं गेलं कुठं, असं वाटावं. मग ती टोपी दुसऱ्या भट्टीत पुन्हा तापवायची. आच लागली की सोन्याचे कण जमतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यांच्यामुळे काच लाल होते. आच जास्त लागली की कण फुगतात आणि काच कलेजीसारखी मळकट होते. ती थेट भंगारात.

आणि खरी गोम अशी, की तापलेल्या काचेत हा लाल कधीच नीट दिसत नाही. गरम असताना त्या कणांचा रंग विरतो, फिका पडतो. थंड झाल्यावर खुलतो. भट्टीतच झकास लाल दिसेपर्यंत जो थांबला, त्याची टोपी गेली. आत नुसती कळकट गुलाबी झाक चढली, की चिमट्यानं उचलायचं. ती झाक आक्काला कळायची. बाकीच्यांना आंधळी कोशिंबीर.

एका जुन्या नाट्यगृहाच्या दिव्यांसाठी बारा टोप्या करायच्या होत्या. पहिल्या चार कलेजी झाल्या. मुकादमानं सरळ चिमूटला धरलं. चिमूट म्हणजे काचेचं मिश्रण करणारा, सोनं मोजून घालतो म्हणून ते नाव.

"सोनं जास्त पडलंय तुझ्याकडून, म्हणून काच कलेजी होतेय. आक्काचा हात वीस वर्षांत चुकलेला नाही. सोमवारपासून मिश्रणाला दुसरा माणूस."

चिमूटनं डोक्यावरची टोपी उतरवून डोकं खाजवलं आणि तराजू पुसायला बसला. आक्कालाही तसंच वाटत होतं.

पाचवी टोपी भट्टीत गेली. काच आत-बाहेर करायला आक्काची धाकटी जाऊ होती. तोंडानं फटकळ, पण आक्कासाठी जीव टाकणारी.

"आक्का, काढायची का?"

"अजून नको. काहीच चढलेलं नाही."

"चढलंय."

"मला शिकवतेस होय गं?"

"नाही शिकवत. काढते." आणि तिनं काढलीसुद्धा.

आक्काचा असा पारा चढला की भट्टी लाजावी. "घालवलीस ना? आता तू बस इथं, मी जाते घरी भांडी घासायला."

धाकटीनं टोपी थंड व्हायच्या खणात ठेवली आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. तासाभरानं काढली, खिडकीपाशी नेली. टोपी लालबुंद होती. कुठं डाग नाही, कुठं मळ नाही.

आक्कानं ती हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली.

"आक्का, तुम्हाला दिसत नाही," धाकटी म्हणाली. "दोन महिने झाले. भाजी निवडताना अळी राहते, मी मागून काढते. वाईट वाटलं तर वाटू दे. पण तो बिचारा चिमूट उगाच मरतोय."

आक्काला चार शिव्या द्याव्याशा वाटल्या. झाक उशिरा दिसत होती ती मिश्रण चुकल्यानं नाही, तर डोळ्यांवर चढलेल्या पडद्यामुळे, हे तिला आत कुठंतरी माहीत असावं. कबूल केलं की भट्टी जाणार, आणि भट्टीशिवाय ती कोण? पण गप्प बसलं की चिमूट जाणार. तिनं पदर खोचला आणि मुकादमाकडे गेली.

"मिश्रण बरोबर आहे. चारही मी घालवल्या. डोळे गेलेत माझे."

मुकादमानं पेन खाली ठेवलं. "मग आता भट्टीपुढे कोण?"

"धाकटी. तिला झाक दिसते. पण घाई करते. मी शेजारी बसेन, तिच्या हातावर चापट मारायला."

उरलेल्या टोप्या धाकटीनं काढल्या. दोन फिक्या झाल्या, त्या पुन्हा भट्टीत घातल्या. चिमूट मिश्रणावरच राहिला. तो आक्काजवळ आला तेव्हा म्हणाला, "डोळे मोफत बघतात तो दवाखाना मला माहीत आहे. रविवारी येतो न्यायला." एवढंच. मागच्या गोष्टीचा शब्द नाही.

दवाखान्यात मोतीबिंदूचा पडदा काढल्यावर पट्टी सुटली त्या आठवड्यात आक्का कारखान्यात आली. धाकटीनं थंड झालेली एक टोपी तिच्या हातात ठेवली. आक्कानं ती उन्हात धरली, फिरवली, परत धरली.

"एवढा लाल असतो हा? मी विसरूनच गेले होते. डोळे अधू झालेत हे मला आधीच कुणी सांगितलं का नाही?"

"आधी सांगितलं असतं तर मारलं असतंत," धाकटी म्हणाली.

आक्कानं टोपी खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग चिमूटच्या खोलीकडे बघून म्हणाली, "त्यालाही बोलाव. आणि आणखी एक काढ. दोघांसोबत बघायचाय."