साळवीला उतरणारे

आज बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवरची मुलगी फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "अगं, तू साळवीला थांब ना, तिथेच पाणीपुरी खाऊ." मी दचकले आणि मग मला हसू आवरेना.

साळवी म्हणजे माझे बाबा. फौजदार होते. हायवेवर उलटलेल्या जीपमधून माणसं बाहेर काढत असताना मागून ट्रक आला. पुढे आमच्या घराजवळच्या चौकाला त्यांचं नाव दिलं गेलं. पाटीवर 'शहीद'पासून सगळं नाव आहे, पण तिथल्या पाण्याच्या टाकीवरून लोक आपले जुन्या सवयीने 'टाकी'च म्हणत राहिले. मीसुद्धा. बाबांच्या नावाचं तिकीट मागायला माझी जीभ वळायची नाही. कंडक्टरने "कोण साळवी?" असं विचारलं तर, ही भीती.

या मुलीने तर 'शहीद' गाळलं आणि 'चौक'ही गाळला. त्याबरोबर बाबा हार घातलेल्या फोटोतून निघून थेट पाणीपुरीच्या गाडीपाशी येऊन उभे राहिले, तिखट वाढवायला सांगत. पाटीला इतकी वर्षं जे जमलं नाही, ते हिच्या भुकेने करून टाकलं.

कंडक्टर माझ्याजवळ आले.

"साळवी," मी म्हणाले.

"किती साळवी?"

"एक."

त्यांनी आणखी काही न विचारता तिकीट दिलं. थोड्या वेळाने बेल वाजवून ते ओरडले, "चला, साळवीवाले पुढे या."

आणि माझ्याबरोबर अर्धी बस उठली.