तापलेल्या टिपेवर पाणी

सकाळी बायकोने तापलेला तवा तसाच नळाखाली धरला. चर्र आवाज झाला आणि माझ्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

कारखान्यात मी नवा इंजिनीअर म्हणून लागलो, तेव्हा लेथ मशीनवर सदाशिवराव होते. पोलाद कापायला ते कार्बाइडची टिप लावायचे. असते नखाएवढी, पण पोलादाहून कितीतरी कठीण. एक कोपरा झिजला की ते टिप फिरवून दुसरा लावत आणि झिजलेल्या कोपऱ्यावर पेनाने ठिपका देत. एकदा ते चष्मा पुसत होते. मला धूर दिसला आणि मी शहाण्यासारखा चालू कामावर कूलंटचा, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचा, नळ सोडला. लालबुंद टिप तडकली, कापत असलेल्या पोलादी शाफ्टवर खोल चरा उठला.

मॅनेजर धावत आले. "कुणी केलं हे?"

सदाशिवरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "माझाच अंदाज चुकला, साहेब."

सगळ्यांदेखत त्यांनी बोलणी खाल्ली. मी तोंड उघडलं नाही.

पोलादाला न जुमानणारी वस्तू एवढ्याशा गारव्याने फुटते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण गप्प बसू नये, हे तर ठाऊक होतं.

"अहो, तवाच आहे, एवढं काय बघताय?" बायको म्हणाली.

सदाशिवरावांनी पुढे मला सगळं काम मायेने शिकवलं. फक्त मी शेजारी उभा असलो, की काचांवर कितीही तेल उडालं तरी ते चष्मा पुसत नसत.